विश्लेषण : बोल फुटण्याआधी हातात मोबाइल, प्रश्न केवळ पालकांच्या शिस्तीचा नाही

नवी दिल्ली : सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारी ऑस्ट्रेलियाची तरतूद १० डिसेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि मुले व मोबाइल या विषयावरील चर्चेला जगभर नव्याने धार चढली. भारतातही ही चर्चा सुरू आहे. मात्र तिचा रोख प्रामुख्याने किशोरवयीन मुलांवर आहे. ज्याला अद्याप नीट बोलता येत नाही, ज्याच्या नावे कोणतेही खाते नाही आणि जे आईवडिलांच्या मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती पाहत घास गिळते, ते दोन-तीन वर्षांचे मूल या चर्चेच्या परिघाबाहेरच राहिले आहे. वस्तुतः भाषा, लक्ष, झोप आणि भावनांवरील ताबा यांचा पाया ज्या वर्षांत घातला जातो, ती हीच वर्षे आहेत. त्यामुळे पडद्यासमोर जाणाऱ्या वेळेचा प्रश्न सर्वप्रथम या वयाच्या संदर्भात विचारला जाणे आवश्यक आहे.

शिफारस आणि वास्तव

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पहिल्या दोन वर्षांत बालकाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षे वयोगटात हा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा. तो जितका कमी तितका चांगला. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सूचनाही याच स्वरूपाच्या आहेत. दोन वर्षांखालील मुलांना पडदा पूर्णतः वर्ज्य, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखाली कमाल एक तास आणि तोही एका बैठकीत वीस ते तीस मिनिटांहून अधिक नाही. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी.

प्रत्यक्षातील चित्र यापासून बरेच दूर आहे. रायपूर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी देशातील दहा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २०२५ मध्ये ते प्रसिद्ध केले. २,८५७ बालकांच्या या माहितीनुसार पाच वर्षांखालील मूल दिवसाला सरासरी सुमारे २.२ तास पडद्यासमोर असते. दोन वर्षांखालील मुलांसाठी शिफारस शून्याची असताना त्यांचीही सरासरी सुमारे १.२ तास आहे. दक्षिण भारतातील एका लोकसंख्याधारित अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, पाच वर्षांखालील जवळपास तीन चतुर्थांश मुलांचा स्क्रीन टाइम मर्यादेपेक्षा अधिक आढळला होता. आईचा स्वतःचा स्क्रीन टाइम आणि झोपण्याच्या वेळी पडद्याचा वापर या दोन बाबींशी त्याचा स्पष्ट संबंध दिसून आला.

हे केवळ महानगरांतील सुखवस्तू घरांचे चित्र आहे, हा समजही आता टिकणारा नाही. 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवर पोहोचले. कोरोनाकाळातील ऑनलाइन शिक्षणासाठी अनेक कुटुंबांनी पदरमोड करून फोन घेतला. थोरल्या भावंडाच्या अभ्यासासाठी घरात आलेला हा फोन पुढे धाकट्याच्या हाती गेला, हे अनेक घरांतील वास्तव आहे.

पडदा काय हिरावून घेतो

लहान मुलांवरील परिणामांचा विचार करताना सहसा पडद्यावर काय दिसते याचीच चर्चा होते. संशोधनाचा कल मात्र वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधतो. पडद्यासमोर गेलेल्या वेळात मुलाच्या आयुष्यातून काय वजा झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

तान्हे मूल हुंकार देते, आई त्याला प्रतिसाद देते, मूल पुन्हा हुंकारते. पुढे तेच मूल बोट दाखवते आणि मोठी माणसे त्या वस्तूचे नाव उच्चारतात. या देवाणघेवाणीतून भाषा घडते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २२० कुटुंबांतील मुलांच्या भोवतालचे आवाज छोट्या ध्वनिमुद्रण यंत्राने टिपून या देवाणघेवाणीची मोजणी केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांच्या वयात पडद्यासमोरील प्रत्येक अतिरिक्त मिनिटामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ६.६ ने, मुलाचे स्वतःचे उच्चार ४.९ ने आणि परस्परसंवादाच्या फेऱ्या १.१ ने कमी झाल्या. एका मिनिटाच्या हिशेबात हे आकडे क्षुल्लक वाटतात. परंतु दोन तासांच्या सवयीला वर्षभराच्या दिवसांनी गुणले की त्यांचे स्वरूप पालटते.

यासाठी मोबाइल मुलाच्याच हातात असावा लागतो असेही नाही. घरात कोणी पाहत नसताना चालू ठेवलेला दूरचित्रवाणी संचही संवाद कमी करतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच ध्वनिमुद्रणाधारित अभ्यासात, कानावर पडणाऱ्या दूरचित्रवाणीच्या प्रत्येक तासामागे मुलाला ऐकू येणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने घटल्याचे आढळले होते. भारतीय घरांत संध्याकाळी मालिका व बातम्यांच्या पार्श्वभूमीवर होणारी जेवणे लक्षात घेता हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मग पडद्यावरील भाषा मूल का उचलत नाही? या प्रश्नाचे उत्तर देणारा प्रसिद्ध प्रयोग सिएटल येथील पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला असून तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांना बारा सत्रांत मँडरिन चिनी भाषा ऐकवण्यात आली. एका गटासमोर चिनी भाषक व्यक्ती प्रत्यक्ष बसून पुस्तके वाचत व खेळत असे. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्तींच्या त्याच सत्रांच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. पहिल्या गटातील बालकांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता येऊ लागले. चित्रफिती पाहणारी बालके मात्र, ती भाषा कधीच न ऐकलेल्या बालकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने या निष्कर्षात महत्त्वाची भर घातली. दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरील व्यक्तीकडून नवे शब्द शिकली, परंतु पूर्वमुद्रित चित्रफितीतून शिकली नाहीत. फरक पडद्याचा नव्हता, प्रतिसादाचा होता. बालरोगतज्ज्ञांनी दोन वर्षांखालील मुलांसाठीही आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलला मुभा का दिली, याचे शास्त्रीय कारण येथे सापडते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या मुद्द्याला आणखी एक पदर आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू किंवा दिल्ली येथील मराठी घरांत मुलाला मातृभाषा मिळते ती मुख्यतः घरातील बोलण्यातून. शेजार, बाजार आणि शाळा यांची भाषा वेगळी असते. मोबाइलवरील बालगीतांच्या चित्रफिती बहुधा इंग्रजी किंवा हिंदी असतात. घरातील संवादाचा वेळ पडद्याने घेतला, तर अशा मुलाच्या वाट्याला येणारी मराठी सर्वप्रथम आटते. त्यावर मराठी चित्रफिती हा पर्याय अनेकदा सुचवला जातो. परंतु वरील प्रयोग पाहता अगदी लहान वयात त्यांचा उपयोग मर्यादित राहील आणि गावाकडील आजीशी रोज होणारे दहा मिनिटांचे बोलणे अधिक उपयुक्त ठरेल, असा निष्कर्ष निघतो.

अभ्यास काय सांगतात, काय सांगत नाहीत

कॅनडातील सुमारे २,४०० मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन आणि तीन वर्षांच्या वयातील अधिक स्क्रीन टाइमचा संबंध पुढे तीन आणि पाच वर्षांच्या वयात विकासचाचण्यांतील कमी गुणांशी आढळला. जपानमधील ७,०९७ माता-बालकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी पडद्यासमोर अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांत दुसऱ्या व चौथ्या वर्षी संवादकौशल्य आणि समस्या सोडवण्याची क्षमता या दोन क्षेत्रांत विलंबाची शक्यता अधिक दिसली. दिवसाला चार तास किंवा त्याहून अधिक वापर असलेल्या गटात ती सर्वाधिक होती. दुसऱ्या वर्षी बोटांच्या सूक्ष्म हालचाली व सामाजिक कौशल्ये यांतही फरक आढळला होता. चौथ्या वर्षी मात्र तो उरला नव्हता.

या निष्कर्षांचे वाचन सावधपणे करावे लागते. हे सर्व निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. ते संबंध दाखवतात, कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध करत नाहीत. जे मूल मुळातच अधिक चिडचिडे आहे किंवा ज्याला बोलण्यात अडचण आहे, त्याच्या हाती मोबाइल अधिक दिला जाण्याची शक्यताही असते. कुटुंबाचे उत्पन्न, आईचे शिक्षण, तिच्यावरील ताण यांचा प्रभाव संशोधक गणिताने वेगळा काढण्याचा प्रयत्न करतात; तो पूर्णतः वेगळा निघतोच असे नाही. शिवाय पालकांनी सांगितलेल्या वेळेवर विसंबणाऱ्या मोजणीलाही मर्यादा आहेत.

सावधगिरीची सर्वाधिक गरज 'व्हर्च्युअल ऑटिझम' या सध्या समाजमाध्यमांवर प्रचलित झालेल्या शब्दाबाबत आहे. अतिरिक्त स्क्रीन टाइममुळे काही मुलांत स्वमग्नतेसारखी लक्षणे दिसतात, असा दावा त्यामागे आहे. मात्र वैद्यकीय निदानाच्या प्रमाणित सूचीत असा कोणताही आजार नाही. या शब्दाच्या सैल वापराने दुहेरी हानी होते. मोबाइल बंद केला की सर्व सुरळीत होईल या आशेवर खऱ्या स्वमग्नतेचे निदान लांबते आणि दुसरीकडे मुलाच्या स्थितीचा दोष विनाकारण आईच्या माथी मारला जातो. दीड-दोन वर्षांचे मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा शब्द उच्चारत नसेल, तर मोबाइल दूर ठेवण्याबरोबरच तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे अपरिहार्य आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी समाविष्ट असून पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. या सेवेची माहिती सर्वसामान्य पालकांपर्यंत पोहोचवणे हे भीती पसरवण्यापेक्षा अधिक गरजेचे आहे.

रडणे थांबवण्याची किंमत

भाषेइतकाच महत्त्वाचा प्रश्न भावनांच्या नियमनाचा आहे. रडणाऱ्या किंवा हट्ट करणाऱ्या मुलाला शांत करण्यासाठी मोबाइल देणे हा आज सर्वत्र आढळणारा तोडगा आहे आणि तो तत्काळ लागूही पडतो. अमेरिकेतील तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या एका अभ्यासात, शांत करण्यासाठी वारंवार उपकरणाचा वापर केल्या जाणाऱ्या मुलांत काही महिन्यांनंतर भावनिक उद्रेक वाढल्याचे आढळले. हा संबंध विशेषतः मुलग्यांत आणि मुळात चंचल असलेल्या मुलांत अधिक ठळक होता. स्वतःचा राग ओसरेपर्यंत वाट पाहण्याचा सराव मुलाला मिळाला नाही, तर पुढचा राग अधिक तीव्र होतो आणि मोबाइलची गरजही वाढते.

झोपेचे गणितही सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. शिवाय दिवसाला किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल हवी. अंथरुणात चालणारा मोबाइल पहिल्या गोष्टीला आणि घरातील बैठक दुसऱ्या गोष्टीला मुरड घालते. मोकळ्या उजेडात खेळण्याचा वेळ घटल्याने लहान वयातच लांबचे धूसर दिसण्याचा दोष बळावतो, ही नेत्रतज्ज्ञांची चिंता याच साखळीतील आहे.

मुलाला सांभाळायचे कोणी?

या सर्व चर्चेत उपदेश बहुतेक वेळा पालकांना, त्यातही आईला केला जातो. परंतु दोन वर्षांच्या मुलाच्या हातातील मोबाइल हा अनेक घरांत चैनीचा नव्हे, तर मनुष्यबळाच्या टंचाईचा परिणाम असतो. एका खोलीच्या घरात स्वयंपाक करणारी, घरबसल्या शिलाईची कामे करणारी किंवा मुलाला सोबत घेऊन धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी स्त्री चुलीपासून वा रस्त्यापासून मुलाला दूर ठेवण्यासाठी मोबाइल देते. तिच्यापुढे मोबाइल आणि गप्पागोष्टी असा पर्याय नसतो. मोबाइल आणि अपघाताची भीती असा पर्याय असतो.

येथे सार्वजनिक व्यवस्थेचा प्रश्न उभा राहतो. २०१७ मध्ये सुधारित झालेल्या मातृत्व लाभ कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया मात्र असंघटित क्षेत्रात असल्याने हे लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते; तीन वर्षांखालील मुलांपर्यंत अंगणवाडी पोहोचते ती प्रामुख्याने पोषण आहार आणि गृहभेटींच्या रूपाने. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरांचे लक्ष्य आहे. एकूण अंगणवाड्यांच्या तुलनेत हे प्रमाण शंभरात एकाहून किंचित अधिक भरते. ज्या वयात पडदा पूर्णतः वर्ज्य सांगितला आहे, नेमक्या त्याच वयात मुलाला सांभाळणारी सार्वजनिक व्यवस्था सर्वांत दुबळी आहे.

अंगणवाडीतील पडदा

शासनाच्या धोरणात योग्य दिशेने पडलेली पावलेही आहेत. महिला व बालविकास मंत्रालयाने मे २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम सुरू केला. त्यापाठोपाठ मार्च २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' हे आराखडे प्रसिद्ध केले. 'नवचेतना'त ३६ महिन्यांच्या दिनदर्शिकेत वयानुरूप १४० कृती दिल्या आहेत. मुलाशी बोलणे, खेळणे, त्याच्या प्रतिसादाला प्रतिसाद देणे हेच त्यांचे सूत्र आहे.

त्याच वेळी दोन लाख अंगणवाड्यांचे 'सक्षम अंगणवाडी'त रूपांतर करण्याच्या योजनेत शुद्ध पाण्याची सोय व परसबागेबरोबर इंटरनेट जोडणी आणि एलईडी पडद्याचाही समावेश आहे. सेविकेच्या उपस्थितीत गटाने पाहिलेली दहा मिनिटांची चित्रफीत आणि घरी एकट्याने पाहिलेले दोन तास यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. मात्र पोषण ट्रॅकरवरील नोंदी, आहारवाटप आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली असलेल्या सेविकेसाठी तो पडदा मुलांना गुंतवून ठेवण्याचे साधन ठरण्याचा धोका नाकारता येत नाही. घरातील आईचा पेच येथे सरकारी छपराखाली पुन्हा उभा राहू शकतो. फ्रान्सने २०२५ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांत पडद्यांना मनाई केली. भारतात पडदा किती मिनिटे, कोणत्या वयाला आणि कशासाठी याची मर्यादा सेविकांच्या प्रशिक्षणात ठळकपणे असायला हवी.

कायद्याला न दिसणारे मूल

तंत्रज्ञान कंपन्यांच्या जबाबदारीचा प्रश्नही असाच अर्धवट सुटलेला आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ९ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असून मुलांच्या वर्तनाचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. परंतु दोन वर्षांचे मूल वडिलांच्या खात्यावर चित्रफिती पाहते, तेव्हा यंत्रणेच्या लेखी ती पाहणारी व्यक्ती प्रौढ असते. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होण्याची रचना त्या मुलालाही तशीच लागू होते. मोठ्या माणसाला थांबणे जिथे कठीण जाते, तिथे आत्मनियंत्रण अद्याप विकसितच न झालेल्या मुलाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही.

अमेरिकेत मुलांच्या माहितीच्या बेकायदा संकलनाबद्दल गुगल व यूट्यूबने २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्यानंतर मुलांसाठीच्या आशयावर वैयक्तिक जाहिराती थांबवण्यासारखे बदल झाले. म्हणजे पाहणारा कोण याऐवजी आशय कोणासाठी आहे, या कसोटीवर नियमन शक्य आहे. बालगीतांच्या किंवा बालचित्रफितींच्या वाहिन्यांवर पुढील चित्रफीत आपोआप सुरू न होणे, ठरावीक वेळानंतर खंड पडणे, अशा अटी भारतातही याच कसोटीवर घालता येतील.

पुढील वाट

घरापुरते पाहता काही गोष्टी तुलनेने सोप्या आहेत. जेवताना आणि झोपेच्या आधीच्या तासात पडदा बंद ठेवणे, पाहायचेच असल्यास मुलासोबत बसून पाहणे व दिसते त्याविषयी बोलणे, कोणी पाहत नसताना दूरचित्रवाणी बंद करणे आणि मुलासमोर स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवणे यांसाठी खर्च येत नाही. मोबाइलची सवय लागलेले मूल पहिले काही दिवस जेवताना आकांत करते. घरातील सर्वांनी एकच नियम पाळला तर ते निभावणे सोपे जाते.

व्यवस्थेच्या पातळीवर लसीकरणाच्या भेटी ही हाताशी असलेली संधी आहे. माता व बालसंरक्षण कार्डावर मुलाच्या विकासाचे टप्पे नोंदले जातात. त्याच वेळी मूल दिवसाकाठी किती वेळ पडद्यासमोर असते, हा एक प्रश्न विचारला गेला तरी आशासेविका व परिचारिकांमार्फत सल्ला थेट घरापर्यंत जाईल. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघरांचे जाळे वाढवणे हे अधिक खर्चिक, पण अधिक मूलगामी काम आहे.

विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील बहुतांश बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील. नियम अधिसूचित झाले त्या आठवड्यात जन्मलेले मूल तेव्हा दीड वर्षाचे असेल. त्याच्या तोंडी पहिले शब्द आलेले असतील, किंवा यायचे राहिले असतील. कायदा लागू होण्यापूर्वीचा हा काळ त्या मुलाच्या भाषेसाठी सर्वांत मोलाचा आहे आणि तो त्याच्या घराच्या, अंगणवाडीच्या व आरोग्य केंद्राच्या हाती आहे.